थिरथिऱ्याच्या चार ओळी

काकू,

तुमची खाट काल हॉलमधून नेली. भाड्याची होती, दोन माणसं आली, तिचे पाय सुटे केले आणि जिना उतरून गेलीसुद्धा. मग काका आणि मी त्या मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत उभे राहिलो. तुमच्या आजारपणात सोफा आतल्या भिंतीला सरकवला होता. तो आता परत खिडकीशी आणायचा की आहे तिथेच ठेवायचा, एवढंच ठरवायचं होतं.

"तू सांग," काका म्हणाले.

"तुम्हाला बरं वाटेल तसं करू."

"मला त्यातलं काय कळतंय?"

आणि आम्ही दोघांनी एकदमच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. पदराला हात पुसत तुम्ही बाहेर याल, "उजेडाकडे पाठ करून कोण बसतं गं?" असं म्हणाल आणि प्रश्न मिटेल, अशी आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांची इतक्या वर्षांची सवय. सोफा अजून भिंतीलाच आहे. मी काही बोलले नाही. मी काही बोलत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आज लिहायला बसले आहे ती मंदाकाकूंमुळे. तुमचे दिवस झाले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्या तळमजल्यावरून धापा टाकत वर आल्या. संक्रांत आठवड्यावर आली आहे. यंदाचं हळदीकुंकू त्यांच्याकडे.

"हे बघ केतकी, वाण काय लुटायचं ते आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. प्रमिलाची शेवटची कविता. तू तुझ्या त्या कॉम्प्युटरवर नीट छापून दे. आणि ती अर्धीच राहिलीय म्हणे, तर पुढच्या ओळी तू घाल."

"मी?"

"मग काय मी? मला रांगोळीत गणपती काढता येतो, तेवढंच. तू तिच्या सगळ्यात जवळची. तिला काय म्हणायचं होतं, ते तुलाच माहीत असणार."

काका तिथेच बसले होते. त्यांनी मान डोलावली. म्हणजे सगळ्यांना असं वाटतं, काकू, की मला माहीत आहे.

मी आठवीत होते तेव्हा तुम्ही आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलात. गंगापूर रोडला तेव्हा अजून मधे मधे द्राक्षांच्या बागा होत्या आणि गच्चीवरून नदीकाठची झाडं दिसायची. तुमच्या टेम्पोतलं सामान उतरत होतं आणि मी जिन्यात पुस्तक घेऊन बसले होते. घरी पाहुणे आले की मी जिन्यात जाऊन बसायचे. तुम्ही हातात कुंडी घेऊन माझ्या पायरीशी थांबलात. इतर बायका नाव विचारतात, शाळा विचारतात. तुम्ही विचारलंत, "या जिन्यात दुपारी ऊन येतं का गं?" मी म्हटलं, चारनंतर येतं, या पायरीपर्यंत. तुम्ही ती कुंडी तिथेच ठेवून दिलीत. मला नाव तुम्ही फार नंतर विचारलंत.

लवकरच बिल्डिंगभर तुमच्या साड्या टांगलेल्या दिसू लागल्या. कुणाला घर रंगवायचं असलं की तुम्ही दुकानातलं शेडकार्ड बाजूला सारायच्या. बोटाएवढ्या चौकोनावरून भिंत ठरवायची म्हणजे एका शितावरून सून ठरवण्यासारखं आहे, असं तुमचं म्हणणं. तुम्ही ट्रंकेतून त्या रंगाची साडी काढून द्यायच्या आणि ती भिंतीवर खिळ्यांना ताणून आठवडाभर ठेवायला लावायच्या. सकाळी बघा, जेवताना बघा, दिवे लागल्यावर बघा. आठवड्यानंतरही डोळ्यांना बरी वाटली तर रंगाऱ्याला बोलवा. बायका दार वाजवून मागायच्या, "काकू, ती आमसुली द्या ना, बेडरूमला बघायचीय." एकदा आमच्याकडचा रंगारी शिडी धरून तुमच्याशी भांडला होता. "काकू, रंग मारायचाय का धुणं वाळत घालायचंय?" तुम्ही त्याला चहा दिलात आणि साडी तिथेच ठेवलीत.

आणि रंग तुम्ही आणायच्या पक्ष्यांवरून. हे कळायला मला गंगापूर धरणावर यावं लागलं. डिसेंबरातल्या रविवारी काका स्कूटरवर पुढे, तुम्ही आणि मी रिक्षाने मागे. मफलर, थर्मास, ग्लुकोजची बिस्किटं. पाण्याच्या पलीकडच्या कडेला चक्रवाकांची जोडी उभी होती. मला ती फक्त बदकं दिसत होती. तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड तिकडे वळवलंत. "तो केशरी बघ. भगवा नाही, नारिंगी नाही. भाजलेल्या विटेवर तूप सांडल्यासारखा. हा देवघराला द्यायचा." पुढच्या महिन्यात तीन घरांची देवघरं त्या रंगाची झाली. बिल्डिंगमध्ये त्याला चक्रवाकी म्हणत. करडा रंग नको, घरात उदास वाटतं, असं माझ्या आईने म्हटल्यावर तुम्ही तिला गच्चीवर नेऊन टाकीजवळ शेपूट हलवत पळणारा परीट पक्षी दाखवलात. "हा उदास दिसतो का तुम्हाला? करड्याच्या शेजारी पांढरा ठेवा, म्हणजे तो असा चालायला लागतो." आमचा हॉल अजून त्याच रंगाचा आहे.

परटावरच तुमची पहिली कविता मी ऐकली. मला मराठी वाचायला वेळ लागायचा. कॉन्व्हेंटमध्ये मराठी आठवड्यातून काही तासच, ते पण कंटाळत शिकवलेलं. त्यामुळे तुम्ही वाचून दाखवायच्या.

*आला परीट गच्चीवरती*
*शेपूट हलते, थांबत नाही;*
*ओल्या फरशीत स्वतःस बघतो,*
*ओळख मात्र सांगत नाही.*

माझ्या अंगावर काटा आला होता, काकू. ओल्या फरशीत स्वतःला बघणारा तो पक्षी मी रोज बघत होते आणि कधीच पाहिला नव्हता. आणि ओळख न सांगणं म्हणजे काय, ते मला चांगलंच माहीत होतं. मग तुम्ही श्वास घेऊन पुढचं वाचलंत.

*माणसा, तूही शीक जरा रे*
*कसे राहावे परक्या दारी.*

काटा गेला. एखाद्या सुंदर खोलीत कुणी येऊन ट्यूबलाइट लावावी तसं झालं. मी ते तेव्हा असं सांगू शकले नसते, पण झालं तसंच. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "छान आहे."

त्या वर्षी संक्रांतीला तुम्ही वाण म्हणून ती कविता लुटलीत. बाकी घरांतून प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, साबणाच्या वड्या मिळत होत्या आणि तुमच्याकडे हळदीकुंकू, तिळगूळ आणि पोस्टकार्डावर तुमच्या अक्षरातला परीट. मी आत तिळगुळाच्या पुड्या बांधत होते; मला सगळं ऐकू येत होतं. "हे काय गं, पत्र?" "प्रमिला, हे ठेवायचं कशात?" तुम्ही हसत म्हणत होता, "डोक्यात." दर हिवाळ्याला एक पक्षी, एक कविता, हा मग शिरस्ताच झाला. पुढे मी नोकरीला लागल्यावर कविता ऑफिसमध्ये टाईप करून जाड कागदावर छापून आणायचे. तेव्हा दर कवितेच्या त्या शेवटच्या दोन उपदेशाच्या ओळी माझ्याच बोटांखालून जायच्या. मी त्या कधी गाळल्या नाहीत आणि त्यांच्याबद्दल कधी बोललेही नाही. फक्त टाईप करताना त्या ओळींशी माझा वेग वाढायचा.

तुम्हाला संशय होताच. "छान म्हणजे काय गं?" तुम्ही एकदा म्हणालात. "छान तर भेंडीची भाजीपण असते. तुम्हाला शाळेत इंग्रजी कविता शिकवतात, चिरफाड करायला लावतात ना? मग माझीही कर."

"मला मराठीतलं तेवढं कळत नाही, काकू."

"न कळणारीचा चेहरा असा पडत नाही."

मी हसले. हसून वेळ मारून नेणं मला चांगलं जमतं.

आणि तुम्ही मात्र बोलायच्या! माझ्या पहिल्या पगारातून मी माझी खोली रंगवली तेव्हा मुद्दाम तुम्हाला विचारलं नाही. एक भिंत गडद जांभळी केली. मासिकात पाहिली होती. तुम्ही आलात, दारातच थांबलात, माझ्याकडे पाहिलंत, भिंतीकडे पाहिलंत.

"कशी वाटते?"

"वाईट," तुम्ही म्हणालात. "या भिंतीपुढे तू आजारी दिसतेस. आणि तुझं हे खिडकीसमोरचं कपाट, ते उजेड गिळतंय. हा रंग काढ, कपाट हलव."

मी दोन दिवस तुमच्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला जिन्यात गाठलंत. "राग आला?"

"नाही."

"आलाय. येऊ दे. पण मी छान म्हणाले असते तर तू दहा वर्षं त्या भिंतीपुढे आजारी दिसली असतीस. तुझ्या भिंतीला मी बोलले, आता तू माझ्या कवितेला बोल. फिट्टंफाट."

मी भिंत बदलली. तुमचं खरं होतं. आरशात मी मला ओळखीची दिसायला लागले. पण कवितेबद्दल मी तेव्हाही काही बोलले नाही. वाटलं, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. वाटलं, कोण कुठली मी, जिला चौदाखडी म्हणतात की बाराखडी याची खात्री नाही, ती तुम्हाला ओळी खोडायला सांगणार? भीड वाटते, असं मी स्वतःला सांगत आले. भिडेला आपल्याकडे कुणी नावं ठेवत नाही.

मग ते नाशिकरोडचं कविसंमेलन. संमेलन कसलं, एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत सतरंज्या आणि एक माइक. तुम्हाला कुणीतरी नाव द्यायला लावलं. तुम्ही घरी आलात आणि माझ्यापुढे सगळ्या कविता मांडून बसलात. "कुठली वाचू?" मी म्हटलं, करकोच्यांची. ती खरंच तुमची सगळ्यात चांगली होती. निफाडकडे बहिणीच्या मळ्यात झोपलेल्या असताना पहाटे वरून जाणाऱ्या करकोच्यांचा फक्त आवाज तुम्ही ऐकला होता.

*उंच निळ्यातून जाती करकोचे,*
*गावावरती सावली नाही;*
*आवाज तेवढा खाली पडतो,*
*उचलून घ्यावया कोणी नाही.*

"आणि शेवट?" तुम्ही विचारलंत. "शेवट बरा आहे ना?"

शेवट असा होता: *असाच मानव जाई येथुनी, कीर्ती मागे ठेवुनि राही.*

तुम्ही थेट विचारलं होतं. माझ्याच तोंडून ऐकायला तुम्ही थांबला होता. चहाचा कप हातात धरून, न पिता. मी म्हटलं, "बरा आहे."

संध्याकाळी माझ्या स्कूटीवर मागे बसून तुम्ही आलात. मोरपंखी रेशमी साडी, जी आमच्या बिल्डिंगमधल्या दोन भिंतींवर टांगून झाली होती. तुम्ही वाचलंत. पहिल्या चार ओळींना खोली शांत झाली. मागचा एक म्हातारा खोकत होता, तोही थांबला. मला इतका आनंद झाला की पुढच्या दोन ओळी येणार आहेत हे मी विसरलेच. मग त्या आल्या. सूत्रसंचालक तरुण होता, खादीचा झब्बा, हातात कागद गुंडाळलेला. त्याने माइक घेतला आणि म्हणाला, "वा काकू! पक्षी उडून गेला आणि आमच्या हाती प्रवचन राहिलं." खोली हसली. तुम्हीही हसलात. पदर नीट केलात आणि येऊन माझ्याशेजारी बसलात. तुमचा हात माझ्या गुडघ्याजवळ सतरंजीवर होता. तो मला धरता आला असता.

येताना हायवेवरच्या द्वारका चौकात आपण ट्रकांच्या मधे अडकलो होतो. धूर, हॉर्न, मुंबईकडे जाणाऱ्या बसेस. तुम्ही माझ्या खांद्याशी वाकून विचारलंत, "तुला आधीच वाटलं होतं का गं तसं?"

"काय?"

मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

"शेवटच्या ओळींचं."

"नाही हो काकू. त्या माणसाला काय कळतंय!"

तुम्ही "हं" म्हणालात. जिन्यात थांबून म्हणालात, "त्याने सांगितलं त्याचं काही नाही. त्याला मी कुठे ओळखते?" आणि वर गेलात. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग मला त्या दिवशी कळला. मी अजून त्याच जिन्याने रोज चढते-उतरते.

नंतर दोन हिवाळे कविता नाही. एका संक्रांतीला तुम्ही स्टीलच्या चमच्यांचं वाण दिलंत, एकदा चहाच्या गाळण्यांचं. बायका म्हणाल्या, "यंदा काकूंनी कामाचं दिलं." परीट गच्चीवर येतच होते. धरणावर जायचं मी सुचवलं की तुम्ही गुडघ्यांचं कारण सांगायच्या. घरांबद्दल मात्र तुम्ही पूर्वीसारखंच बोलत होता. नव्या फ्लॅटांतली ती टेक्श्चरची भिंत पाहून, "हिला कांजिण्या झाल्यात का?" असं तुम्ही यजमानांसमोर विचारलंत. मी हसले आणि मनातल्या मनात मला बरं वाटलं, की काकू अजून तशाच आहेत, म्हणजे फार काही बिघडलेलं नाही. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

या दिवाळीनंतर तुमची खाट हॉलमध्ये आली. ती कुठे ठेवायची हे तुम्हीच ठरवलंत. काकांनी पंख्याखाली ठेवली होती. तुम्ही नर्सला, काकांना आणि मला कामाला लावून ती खिडकीशी आणवलीत, पडदा काढायला लावलात. "मरताना फुलाफुलांचं कापड बघायचं नाहीये मला." काका उठून आत गेले. मग तुम्हीच मला खूण केलीत, जा, त्यांच्याजवळ बस.

ऑफिस सुटल्यावर मी रोज यायचे. शनिवारी दुपारपासून. अशाच एका शनिवारी बाल्कनीच्या कठड्यावर तो येऊन बसला: चिमणीएवढा, वरून काळसर, पोट विटकरी, आणि शेपूट सारखी थरथरत असलेली. "थिरथिऱ्या," तुम्ही म्हणालात. "उत्तरेकडून येतो. मला वाटलं, यंदा चुकला." आणि थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "लिहून घे."

हाताशी एक्स-रेचं पाकीट होतं, त्यावर घेतलं.

*थिरथिऱ्या येऊन बसला कठड्यावर.*
*त्याची थरथर, की माझी थरथर?*
*मधे एक काच. दोघेही गप्प.*
*ऊन सरकतं आहे चादरीवर.*

काकू, "सरकतं आहे." तुम्ही कवितेत असं बोलल्यासारखं कधी लिहिलं नव्हतं. नेहमी जाती, येथुनी, ठेवुनि. मी पेन धरून बसले. तुम्ही पुढे काही सांगेनात.

"पुढे?" मी विचारलं.

"बघू."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं: पुढे काही नको. इथेच पुरे. ही तुमची सगळ्यात चांगली आहे, कारण तुम्ही माणसाला मधे आणलंच नाहीत, तो आपोआप आला. हे सगळं मला तेव्हा सुचलं होतं, नीट वाक्यांत, मराठीत. तुम्ही थकला होता, श्वास लागत होता. मी म्हटलं, "छान आहे, काकू." तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत, किंचित हसलात आणि झोपलात. तुम्ही माझ्याशी बोललेलं "बघू" हेच शेवटचं. त्यानंतर दवाखाना, नळ्या, आणि मग तेही नाही.

म्हणजे मंदाकाकू विचारतात ते मला माहीत नाही. तुम्ही चार ओळींवर थांबला होता, की चार ओळींवर तुमचं बळ संपलं? तुम्ही त्या शेवटांचा नाद सोडला होता, की दोन ओळी राहूनच गेल्या? एकदा, फक्त एकदा मी मत दिलं असतं, तर हे मला कळलं असतं. तुम्ही भांडला असता किंवा मानलं असतं, पण काहीतरी ठरलं असतं. आता काका आणि सगळी बिल्डिंग मला विचारते आहे, आणि मी ठरवेन ते तुमचं म्हणून छापलं जाणार आहे.

काल रात्री जेवण झाल्यावर मी गंमत म्हणून, खरं तर गंमत म्हणून नाही, दोन ओळी लिहून पाहिल्या. *माणसा, तूही असाच पाहुणा, निघताना का थरथरशी रे?* मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. इतकी वर्षं टाईप करून तुमचा शेवट माझ्या हातात बसला आहे. कुणालाही शंका येणार नाही. मंदाकाकू डोळ्यांना पदर लावतील. मी त्या ओळी वाचल्या आणि कागद फाडून टाकला, बारीक तुकडे करून, कुणाला जोडता येऊ नयेत असे.

आज सकाळी चार ओळी छापून त्यांच्याकडे नेऊन दिल्या. त्या मटार सोलत होत्या. कागद हातात घेतला, ओठ हलवत वाचला, उलटून मागची बाजू पाहिली.

"पुढचं?"

"एवढीच आहे."

"अगं, पक्ष्याचं झालं. माणसाचं कुठंय?"

"तेवढंच सांगितलं त्यांनी."

"म्हणूनच तर तुला म्हटलं घाल म्हणून." त्यांनी मटाराची टोपली बाजूला ठेवली. "हे बघ, पक्षी काय, आमच्याही गच्चीवर दिसतो. शेपूट हलवतो ते मलाही माहितीये. पण आमचा सचिन पुण्याला शिकायला गेला ना, त्या दिवशी मी प्रमिलाचं ते कार्ड त्याच्या बॅगेत टाकलं. कसे राहावे परक्या दारी. त्याने होस्टेलच्या भिंतीला चिकटवलं होतं. अजून आहे त्याच्याकडे. मला कविताबिविता काही कळत नाही, पण ते माझ्या कामाचं होतं."

मला हे माहीत नव्हतं, काकू. तुम्हाला होतं का? मी इतकी वर्षं त्या ओळी फक्त खोडण्याच्या नजरेने पाहिल्या. तुम्ही त्या का लिहिता, कुणासाठी लिहिता, हे मी कधी विचारलं नाही. भीड होती म्हणते, पण भिडेच्या आत दुसरंही काही होतं. माझ्या इंग्रजी शाळेने मला एक नजर दिली होती आणि ती मी तुमच्यावर लावून बसले होते, गुपचूप, वरून. बोलून दाखवली असती तर तुम्ही तिलाही त्या जांभळ्या भिंतीसारखं तोंडावर वाईट म्हटलं असतं. म्हणून मी ती जपली.

आणि तरीही मला त्या ओळी आवडत नाहीत. मंदाकाकूंचं ऐकूनही नाहीत. कसं कोण जाणे, मी ते तिथे बोलून गेले.

"मला नाही आवडायच्या त्यांच्या शेवटच्या ओळी. कधीच नाही."

मंदाकाकूंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. रागाने नाही. "तिला सांगितलंस कधी?"

"नाही."

"मग मला गं काय सांगतेस?"

त्यांनी पुन्हा शेंगा हातात घेतल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "बरं. चार तर चार. पण कुणी विचारलं तर उत्तर तू द्यायचं. मी नाही देणार."

म्हणून संक्रांतीला चारच ओळी जातील, काकू, खाली तुमचं नाव. बायका मला विचारतील आणि मी सांगेन की कविता पूर्ण आहे. ते खरं आहे की मला हवं आहे, हे मी त्यांना सांगणार नाही. ते मला माहीतच नाही. तुम्हाला मात्र सगळं सांगते. परटाच्या शेवटच्या दोन ओळी काढा. करकोच्यांच्या तर आजच काढा, आवाज खाली पडला तिथेच ती कविता संपली आहे. मंदाकाकूंचा सचिन काहीही म्हणो. तुम्ही कुणाला काही शिकवायला जाता तेव्हा तुमचा आवाज बदलतो, तो तुमचा राहत नाही. वाईट आहेत त्या ओळी. वाईट.

तुम्ही चिडाल. दोन दिवस वरून भांडी जोरात आपटल्याचे आवाज येतील. तिसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठाल, चष्मा कपाळावर सरकवाल आणि म्हणाल

इथे मी कधीची थांबले आहे. तुमच्या दोन ओळी मला लगेच सुचल्या होत्या. हे सुचत नाही.